पॉपकॉर्न नसलेलं थिएटर

पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरच्या एका शांत थिएटरात गुरुकुंज मोझरीचे आमचे आबाजी ‘संत तुकाराम’ बघायला आले. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतोय...

शुक्रवार संध्याकाळ. ऑफिसातून बाहेर पडता पडता ग्रुपवर ठरलेला प्रश्न येऊन पडतो, ‘वीकेंडला काय बघायचं?’ मग लिंका येतात, रेटिंग येतात, कुणीतरी ‘काहीही चालेल’ म्हणतं, कुणीतरी नुसताच अंगठा दाखवतं. शेवटी तोच मॉल, तोच सरकता जिना आणि तिकिटापेक्षा महाग पडणारा पॉपकॉर्नचा टब. सिनेमा कसा होता असं सोमवारी कुणी विचारलं, तर आपण सांगतो, ‘टाइमपास.’

मंडळी, या वीकेंडला थोडं हटके करून बघा. या शहरात एक थिएटर असं आहे, जिथे मी गेले त्या दिवशी हातात टब घेऊन आत शिरणारं कुणीही दिसलं नाही. मध्यंतरात फ्लॅटच्या जाहिराती नव्हत्या. पडद्यावरची नावं सरकायला लागल्यावर खुर्च्या खडखडल्या नाहीत. लोक शेवटचं नाव जाईपर्यंत बसून राहिले. आणि दिवे लागल्यावर कुणालाही पार्किंगची घाई नव्हती, कारण खरा सिनेमा तर नंतर कट्ट्यावर सुरू होणार होता!

लॉ कॉलेज रोडचा पत्ता

हे थिएटर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं. पुणेकरांच्या भाषेत ‘अर्काइव्ह’. ‘अर्काइव्हला काय आहे?’ हा प्रश्न इथल्या सिनेमावेड्यांच्या कित्येक पिढ्यांनी एकमेकांना विचारलाय. संग्रहालय सुरू झालं १९६४ साली. चार वर्षं आधी, १९६० मध्ये, प्रभात स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली होती. म्हणजे जिथे दामले, फत्तेलाल, शांताराम सिनेमे करत होते, तिथे सिनेमा शिकवला जाऊ लागला आणि तिथून जवळच तो जपला जाऊ लागला. जगात असा त्रिवेणी संगम फार ठिकाणी सापडत नाही.

आता तुमच्यातला एखादा चोखंदळ वाचक म्हणेल, अहो, हे तर सरकारी! बरोबर आहे. २०२२ साली ही संस्था एनएफडीसीमध्ये विलीन झाली, तेव्हा कागदोपत्री ती आता त्या महामंडळाचा भाग आहे. पण पॅरिस किंवा न्यूयॉर्कमध्ये एखादा वेडा मालक चालवतो तसं स्वतंत्र आर्टहाउस थिएटर आपल्याकडे रुजायला जमीनच मिळाली नाही. आपल्याकडे ते काम केलं फिल्म सोसायट्यांनी. मुंबईत १९६८ साली ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झालं, पुण्यात ‘आशय’सारखे क्लब उभे राहिले. यांच्याकडे स्वतःचं थिएटर नव्हतं. होती ती सभासदांची यादी, वार्षिक वर्गणी आणि भाड्याने किंवा मिनतवारीने मिळवलेला एखादा हॉल. अर्काइव्हच्या थिएटरला जे वळण लागलं, ते या मंडळींनी आणि समोरच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसांनी लावलेलं. म्हणून माझ्यासाठी हेच आपलं आर्टहाउस.

आवारात शिरलात की आधी जयकर बंगला बघा. मुकुंदराव जयकर म्हणजे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांचा हा दगडी बंगला आता संग्रहालयाच्या ताब्यात आहे. झाडं, सावली आणि लॉ कॉलेज रोडचा हॉर्न एकदम लांब गेल्यासारखा. फोटो काढण्याचा मोह आवरणार नाही, काढून घ्या. पण थिएटरात शिरताना मोबाइल खिशात. इथे स्क्रीनचा उजेड दिसला की मागून खाकरण्याचा आवाज येतो आणि तो खोकल्याचा नसतो!

अंधारात टॉर्च घेऊन बसलेला माणूस

अर्काइव्हची गोष्ट एका माणसाशिवाय सांगताच येत नाही. पी. के. नायर. मूळचे तिरुवनंतपुरमचे. १९६५ मध्ये ते इथे आले आणि १९९१ मध्ये संचालक म्हणून निवृत्त झाले. या २६ वर्षांत त्यांनी सुमारे १२ हजार चित्रपट जमवले, त्यातले आठ हजारांच्या आसपास भारतीय. आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. तेव्हा मेलवर फाइल मागवायची सोय नव्हती. सिनेमा म्हणजे लोखंडी डब्यांतली जडशीळ रिळं. ती कुणाच्या गोदामात, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या भांडणात अडकलेली. नायरसाहेब स्वतः उठून जायचे, मालकांना पटवायचे, डबे घेऊन यायचे. नाशिकला जाऊन त्यांनी फाळके कुटुंबीयांकडून दादासाहेबांच्या सिनेमांची उरलीसुरली रिळं मिळवली. ‘कालिया मर्दन’मधला तो खट्याळ बाळकृष्ण, म्हणजे फाळक्यांची लेक मंदाकिनी, आज आपल्याला दिसते ती त्या धडपडीमुळे.

आणि हातातून काय निसटलं? आपल्या देशात साधारण १७०० मूकपट तयार झाले. नायरसाहेबांना त्यातले नऊ-दहाच वाचवता आले. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) आज कुठेच नाही. नायरसाहेब तो किस्सा सांगायचे. ते अर्देशिर इराणींकडे गेले, तेव्हा वडील म्हणाले, रिळं आहेत कुठेतरी. नंतर मुलाने हळूच सांगितलं की त्यातली चांदी काढण्यासाठी ती त्यानेच कधीच विकून टाकली. जुन्या फिल्मवर चांदीचे क्षार असतात ना! म्हणजे देशाचा पहिला आवाज चांदीच्या भावाने गेला.

जुन्या रिळांचे शत्रूही बरेच. सुरुवातीच्या काळातली नायट्रेट फिल्म भुरुभुरू जळते. ८ जानेवारी २००३ रोजी इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या अशाच साठ्याला आग लागली आणि हजारो रिळं गेली. त्यानंतर आलेली ‘सेफ्टी’ फिल्म जळत नाही, पण दमट हवेत आंबते. डबा उघडला की चक्क व्हिनेगरचा वास येतो. त्या वासाचा डबा आला की समजायचं, आतला सिनेमा मरायला टेकलाय. म्हणून रिळं थंड आणि कोरड्या खोल्यांत ठेवावी लागतात, वर्षानुवर्षं, एसी बंद न करता. विजेचं बिल भरणारं कुणीतरी लागतं. सिनेमावर प्रेम असणं वेगळं आणि त्याचं विजेचं बिल भरणं वेगळं!

नायरसाहेब रोज रात्री थिएटरात बसून सिनेमे बघायचे, हातात छोटा टॉर्च आणि वही. कुठल्या रिळात काय आहे, कुठे तुटलंय, सगळं टिपून ठेवायचे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी त्यांच्यावर ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) हा माहितीपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. २०१६ च्या मार्चमध्ये नायरसाहेब पुण्यातच गेले. थिएटरात शिरल्यावर माझी नजर उगाचच मागच्या रांगांकडे जाते, टॉर्चचा ठिपका दिसतो का ते बघायला.

मोझरीहून लॉ कॉलेज रोडला

आता माझ्या पाहुण्याची ओळख करून देते. आमचे आबाजी, म्हणजे माझे आजोबा. वय वर्षं ८२. मुक्काम गुरुकुंज मोझरी, तालुका तिवसा, जिल्हा अमरावती. अमरावती-नागपूर हमरस्त्याने कधी गेला असाल तर तुम्हाला मोझरी लागलीच असेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी इथेच देह ठेवला. आबाजी तेव्हा पंचविशीतले. गुरुदेव सेवा मंडळाच्या कामासाठी घरदार सोडून महिनोन्‌महिने गावोगाव फिरणाऱ्या पोरांपैकी एक. खंजिरी अजूनही अशी वाजवतात की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते.

डोळ्यांच्या तपासणीसाठी ते पुण्याला आले होते. डॉक्टरांनी सांगितलं, एका डोळ्याला आता फारसं काही होण्यासारखं नाही, दुसरा जपा. त्याच आठवड्यात मला कळलं की अर्काइव्हला ‘संत तुकाराम’ आहे. म्हटलं, चला.

‘‘काऊन वं, घरी टीव्हीवर नाही दिसत का थो?’’ आबाजींनी रिक्षात बसता बसता विचारलं.

‘‘दिसतो. यूट्यूबवरही आहे.’’

‘‘मंग?’’

मला चटकन उत्तर सुचलं नाही. तुमच्या ग्रुपमध्येही हा प्रश्न विचारणारं कुणीतरी असेलच. फुकट, घरी, हवं तेव्हा, पॉज करून चहा घेऊन बघता येतं, तर इतका आटापिटा कशाला?

आबाजींनी हा सिनेमा आधी पाहिला होता. पन्नासच्या दशकात, दहा-अकरा वर्षांचे असताना, तिवस्याला बाजाराच्या मैदानात आलेल्या तंबूत. टुरिंग टॉकीज! बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला, मध्ये दोरी. जनरेटरची धडधड इतकी की अभंग चालू असतानाच काय तो आवाज विसरायला व्हायचा. त्या फिरत्या तंबूंचे शेवटचे दिवस बघायचे असतील, तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) मिळवून बघा. आपल्या महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये चित्रित झालेला हा माहितीपट थेट कान महोत्सवात पोचला होता.

त्या दिवशी प्रवेश फुकट होता, पहिला येईल त्याला खुर्ची. आम्ही अर्धा तास आधी पोचलो. तीनशेच्या वर खुर्च्या, पण गर्दी निम्म्याच्या आसपास. माझ्या वयाची मुलं बरीच, खांद्याला झोळ्या, दाढ्या, काहींच्या हातात वह्या. काही पेन्शनर मंडळी, ठरलेल्या खुर्च्यांवर. बसल्या बसल्या आबाजींनी वाकून चपला काढल्या आणि खुर्चीखाली सरकवल्या. शेजारच्या मुलाने पाहिलं. मिनिटभराने त्यानेही आपले स्पोर्ट शूज काढले. कुणी काही बोललं नाही.

अंधारातली दोन तास

‘संत तुकाराम’ प्रभातने १९३६ मध्ये काढला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत एकाच थिएटरात तो वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. कोर्समध्ये हे सगळं आम्ही पाठ केलं होतं. ‘वास्तववादी अभिनय’, ‘गीतांचा कथनात्मक वापर’ वगैरे. पाच मार्कांचा प्रश्न होता.

पण मोठ्या पडद्यावर, आबाजींच्या शेजारी बसून बघताना मला भलतंच दिसलं. पागनीस गात नाहीत, बोलता बोलता गाण्यात शिरतात, जसं मोझरीत संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर एखादा म्हातारा शेतावरून बोलता बोलता भजनात शिरतो. तिथे ‘आता गाणं सुरू झालं’ असं कधी वाटत नाही. आबाजींची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. मला वाटलं, कुणीतरी मागून ‘शूऽऽ’ करणार. कुणीही केलं नाही.

आणि जिजाई! गौरी या अभिनेत्रीने ती अशी केलीय की नव्वद वर्षांनीही ती तुमच्या शेजारच्या घरातली वाटते. नवरा दारात आलेल्याला घरातलं देऊन मोकळा होतो. घरात खायला नाही, पोरं भुकेली. ती विठोबालाच चार शब्द सुनावते. थिएटरात खसखस पिकली. मीही हसले. आबाजी हसले नाहीत.

शेवटी तुकोबांना न्यायला विमान येतं. ते जिजाईला बरोबर चल म्हणतात. ती चुलीपाशी, पोरांपाशी. विमान वर जातं आणि बाई खाली राहते, वर बघत. दिवे लागले तेव्हा आबाजी चष्मा पुसत होते. मला वाटलं, डोळ्यात औषध टाकायची वेळ झाली. म्हटलं, ‘‘त्रास होतोय का?’’

‘‘नाही वं.’’ मग बराच वेळ गप्प. लोक बाहेर जात होते. ‘‘तवा तंबूत आमी पोट्टे लय हासलो होतो जिजाईले. भांडखोर बाई म्हून. आज पाह्यलं तं थेच बरोबर हाय. घर कोण चालोलं? तुही आजी बी अशीच मांगं राह्यली ना...’’

आजीला जाऊन दोन वर्षं झाली. आबाजी सेवा मंडळाच्या कामाने गावोगाव फिरत असताना तिने दोन एकर कपाशी, एक म्हैस आणि चार लेकरं सांभाळली. याविषयी आमच्या घरात कधीही, कुणीही, एक वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ते वाक्य बोलायला आबाजींना एक नव्वद वर्षांचा सिनेमा, एक अंधार आणि दीडशे अनोळखी माणसांची सोबत लागली. रिक्षातल्या ‘मंग?’चं उत्तर हे. घरी त्यांनी पॉज केला असता. चहा आला असता. फोन वाजला असता. जिजाई पुन्हा एकदा हसण्यावारी गेली असती.

कट्ट्यावर चहा घेताना तोच बूट काढणारा मुलगा आबाजींजवळ आला. इन्स्टिट्यूटच्या परीक्षेची तयारी करत होता. त्याला तंबूबद्दल विचारायचं होतं, पडदा कसा बांधायचे, रीळ बदलताना लोक काय करायचे. तास-दीड तास गप्पा चालल्या. आबाजींची मुलाखत घ्यायला मी कधी गेले नव्हते, त्याने घेतली.

आमचं वऱ्हाड, तुमचा सिनेमा

परत येताना आबाजींनी जो प्रश्न विचारला, त्याने मला झोप लागली नाही. ‘‘असं टाकीज आपल्या अमरावतीत काऊन नाही?’’

प्रश्न साधा आहे, पण त्याला इतिहास आहे. फिल्मी धंद्यात देशाचे वेगवेगळे वितरण विभाग पाडलेले आहेत. त्यातल्या एकाचं नाव आजही ‘सीपी-बेरार’. सीपी-बेरार हा प्रांत १९५० मध्ये नकाशावरून गेला, मध्य प्रदेश झाला, पुढे आमचा विदर्भ महाराष्ट्रात आला, पण कोणता पिक्चर कुठे किती चालला याच्या हिशेबात बेरार अजून जिवंत! आणि या सर्किटची वितरकांची ऑफिसं कुठे? भुसावळला आणि आमच्या अमरावतीला. म्हणजे एकेकाळी आख्ख्या मध्य भारतात कुठला सिनेमा कुठल्या गावी लागणार हे ठरवणाऱ्या माणसांमध्ये अमरावतीकर होते. रिळांचे डबे इथे यायचे आणि इथून निघायचे. आता रिळं गेली, सिनेमा फाइल बनून येतो आणि डब्यांची ती सगळी ये-जा थांबली.

दुसरी गंमत अशी की वऱ्हाडावर, विदर्भावर सिनेमे बनतात. चांगले बनतात. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) आठवतोय? कर्जाने पिचलेला शेतकरी आणि त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारी त्याची बायको. तो रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, गावच्याच माणसांना घेऊन चित्रित झाला. मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांचे तेच ते प्रश्न, नाव काय, उंची किती, आणि कापसाचा न मिळणारा भाव. २०२३ मध्ये टोरांटोला त्याला ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात तो लागला ७ मार्च २०२५ रोजी. टोरांटोच्या माणसाने आमच्या भागातल्या मुलीची गोष्ट आमच्या दीड वर्ष आधी पाहिली!

असा सिनेमा आमच्याकडे लागला तरी कधी लागतो? दुपारचा एकच शो, आठवडाभर. त्या वेळी शेतकरी शेतात, नोकरीवाला ऑफिसात, कॉलेजची मुलगी बसस्टँडवर. मग ‘प्रेक्षकच येत नाहीत’ म्हणून सिनेमा उतरतो. प्रेक्षक येत नाही हे खरं. त्याला येता येईल असा शो लावला जात नाही, हेही तितकंच खरं.

आणि कृपा करून ‘गावाकडच्या लोकांना असलं कळत नाही’ हे वाक्य मला ऐकवू नका. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं खेडं आहे. तिथे के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ने सत्तरच्या दशकात फिल्म सोसायटी काढली. नायरसाहेबांच्या अर्काइव्हमधून रिळं गेली आणि सुपारीच्या बागांत काम करणाऱ्या माणसांनी ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ पाहिले. ‘सेल्युलॉइड मॅन’मध्ये ती माणसं त्या सिनेमांबद्दल बोलताना बघा, आपल्याकडचे निम्मे समीक्षक फिके पडतील.

सामुदायिक फंडा

तुकडोजी महाराजांचा भर कशावर होता? सामुदायिक प्रार्थनेवर. देव तर घरच्या देव्हाऱ्यातही आहे. तरी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी सगळ्यांनी एकत्र, रांगेत, शांत बसायचं. जातपात, गरीब-श्रीमंत बाजूला. पुण्यतिथी महोत्सवात मोझरीत लाखोंचा समुदाय जमतो आणि दुपारी बरोबर चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. इतकी माणसं आणि पानाचाही आवाज नाही. लहानपणी मी आजीचा पदर धरून त्या गर्दीत उभी राहिलेय. त्यामुळे अर्काइव्हमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मित्र कौतुकाने म्हणाला होता, ‘बघ, इथे पिनड्रॉप सायलेन्स असतो.’ मी मनात म्हटलं, राजा, मोझरीला ये एकदा!

एकत्र बसून, गप्प राहून, एकाच गोष्टीकडे बघणं. आर्टहाउस थिएटर म्हणजे एवढंच तर असतं. बाकी डॉल्बी आणि लेदरच्या खुर्च्या हा नंतरचा मामला. आणि हे ज्या गावाला रोज संध्याकाळी जमतं, त्याला सिनेमा बघायला शिकवावं लागेल असं मला वाटत नाही.

तर किडा हा असा आहे. येत्या हिवाळ्यात, कपाशीच्या वेचणीतून लोकांना थोडी उसंत मिळाली की, मोझरीत ‘संत तुकाराम’ दाखवायचा. संध्याकाळी, प्रार्थनेनंतर. मध्ये दोरी न बांधता. आबाजींची अट एकच, पुढच्या रांगा बायांच्या. ‘‘आमी पाह्यला. आता त्याइले पाहू द्या जिजाई.’’ पैशांचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, वर्गणी. मला श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ (१९७६) आठवला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो उभा केला होता. डुंगरपूर यांच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची प्रत नव्याने उजळली आणि २०२४ साली तो कानच्या पडद्यावर झळकला. दोन रुपयांची ताकद अशी असते.

मला पाच लाख नकोत. अडीचशे घरं पुरतील. प्रोजेक्टर अमरावतीहून भाड्याने मिळेल, पडदा म्हणून आईने नवी पांढरी चादर देऊ केलीय आणि सतरंज्यांना मोझरीत कधीच तोटा नव्हता. आबाजींच्या चांगल्या डोळ्याला डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. तेव्हा काम त्याच्या आधी व्हायला हवं.

तुम्हालाही करायचंय? मग हे वाचा!

• आधी बघायला शिका. पुण्यात असाल तर अर्काइव्हच्या आणि फिल्म क्लबांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (पिफ) २००२ पासून भरतो आणि अर्काइव्हचं थिएटर त्याच्या ठरलेल्या जागांपैकी एक आहे. मुंबईकरांनो, ‘प्रभात चित्र मंडळ’ तुमच्या हाताशी आहे.

• सोसायटी काढा. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन झालं. तुमच्या शहरात सोसायटी नसेल तर दहा-पंधरा डोकी जमवा आणि त्यांच्याशी संपर्क साधा. सभासदांची वर्गणी हाच कणा. स्पॉन्सर आला तर बोनस.

• हक्क तपासा. पेन ड्राइव्हवर उतरवून दाखवणं हा शॉर्टकट नको. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. त्यामुळे प्रभातच्या काळातले सिनेमे मोकळे झालेत. तरी चांगली प्रत संग्रहालयाकडून हवी असेल तर रीतसर अर्ज करावा लागतो. नव्या सिनेमासाठी निर्मात्याला थेट विचारा. लहान निर्माते बहुतेक वेळा आनंदाने बोलतात, कारण त्यांनाही प्रेक्षकच हवा असतो.

• वेळ लोकांची बघा. शो तुमच्या सोयीने लावू नका. गाव असेल तर वेचणी, पेरणी, बाजाराचा दिवस बघा. शहर असेल तर शेवटची बस.

• सिनेमा संपल्यावर चहा मस्ट! चर्चासत्र, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ यातलं काही नसलं तरी चालेल. चहा मात्र हवाच. माणसं चहावर बोलतात आणि कधी कधी असं काहीतरी बोलतात, जे त्यांनी घरात साठ वर्षांत बोललेलं नसतं.

तर या शुक्रवारी ग्रुपवर ‘काय बघायचं?’ असं आलं, तर अंगठा दाखवू नका. जागा सुचवा. आणि हो, तुमच्या घरात एखादे आबाजी किंवा आजी असतील, तर एक खुर्ची त्यांच्यासाठीही पकडा.